दिवाळीच्या सुट्टीत नोकरीचा विचार करायचाय? आधी कीर्द लिहा, राजीनामा नंतर

दरवर्षी भाऊबीज झाली की पुढच्या सोमवारी आमच्याकडं राजीनामे यायला लागतात. मी पुण्यात एका कंपनीत पेरोलला आहे, पगार, पीएफ, रजांचा हिशोब, कुणी सोडून गेलं की त्याचं फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचं देणंघेणं, सगळं माझ्याच टेबलावरून जातं, त्यामुळं कोण निघालंय ते मला त्याच्या मॅनेजरच्या पाठोपाठ कळतं. आणि दिवाळीनंतरच्या या मेलांची वेळ बघायची, रात्री साडेअकरा, पावणेएक, असल्या वेळा. म्हणजे माणूस गावाला आहे, घरातले सगळे झोपलेत, उद्या परतीची ट्रॅव्हल्स आहे आणि पोटात गोळा आलाय. मेल माणसानं नाही, त्या गोळ्यानं लिहिलेला असतो. मग त्यातलेच काही जण पंधरा दिवसांनी हळूच येऊन विचारतात, मॅडम, मागे घेता येतो का हो?

हसू नका, मी पण हेच केलंय. २०१९ ची दिवाळी, मी आधीच्या कंपनीत होते, कराडला माहेरी गेलेले, लक्ष्मीपूजनाच्या रात्री बॉसचा फोन आला आणि दुसऱ्या दिवशी मी मोबाईलवरूनच चार ओळीत राजीनामा धाडला. मोकळं वाटलं, खोटं कशाला बोलू, दोन दिवस तर हवेत होते. नंतर कागद समोर आल्यावर बघते तर शेवटचा दिवस धरून माझी नोकरी ४ वर्षं ६ महिने भरत होती. अजून दोन-अडीच महिने थांबले असते तर ग्रॅच्युइटी लागू होण्यासारखी होती, तेव्हाच्या माझ्या बेसिकवर साधारण ६० हजार रुपये. अख्ख्या कंपनीचा हिशोब करणारी बाई, स्वतःचा करायचा विसरली. आणि खरं दुखणं पुढंच आहे, नव्या नोकरीत तीन महिन्यांत परत तोच थकवा, तीच रविवार संध्याकाळची धडधड. म्हणजे जे सोडायचं होतं ते सुटलंच नव्हतं.

तेव्हापासून मी दिवाळीच्या सुट्टीत एक पद्धत पाळते, सरलेल्या वर्षाचा हिशोब वहीत मांडायची. दरवेळी सगळं जमतं असं नाही, एका वर्षी तर वही पुण्यातच विसरले. पण पद्धत चांगली आहे, सांगते.

पहिली गोष्ट, घरी पोचल्यावर दोन दिवस करिअर हा शब्द काढायचा नाही. प्रवासात तर अजिबात नाही. खेड शिवापूरच्या टोलला अर्धा तास, खंबाटकीत एक तास, पुढचा ट्रक हलत नाही, मागं पोरगं रडतंय, अशा वेळी माणसाला आपलं सगळं आयुष्यच चुकलं असं वाटतं, ते आयुष्य नसतं, तो घाट असतो. लॅपटॉप शक्यतो पुण्यातच ठेवा. न्यावाच लागला तर कपाटात गोधड्यांच्या खाली ठेवा, म्हणजे काढायला चार गोधड्या उचलाव्या लागतील आणि तेवढ्यात कुणीतरी विचारेलच काय गं शोधतेस. ऑफिसच्या मेलचं नोटिफिकेशन बंद, ऑफिसचा व्हॉट्सॅप ग्रुप म्यूट. आणि झोपा. दोन रात्री नीट, गजर न लावता. अभ्यंगस्नानाला पहाटे उठवतीलच, ते सोडून. दुपारी पण झोप आली तर झोपा, घरातले म्हणतील नुसती लोळतीय, म्हणू दे.

या दोन दिवसांत हाताला काम मात्र असू द्या, डोक्याला नको. किल्ल्याची माती कालवा, कंदील लावा, चकल्या पाडा. मी आईच्या हाताखाली अनारशाला बसते. तांदूळ तीन दिवस भिजत घातलेले, पाणी रोज बदललेलं, मग पंच्यावर सावलीत पसरून अर्धवट ओलसर असतानाच कुटून चाळायचे, गूळ घालून गोळे करायचे आणि डब्यात मुरायला ठेवायचे. त्या २०१९ साली आम्हाला पोचायलाच उशीर झाला आणि मी म्हटलं आई आजच तळूया की, मला लगेच जायचंय. तिनं खसखशीवर एक थापला, तुपात सोडला, आणि तो तुपात पसरून त्याची पार जाळी जाळी होऊन गेली. "हसला बघ," आई म्हणाली. "पीठ मुरलं नाही अजून." अनारसा विरघळला की आमच्याकडं हसला म्हणतात. गूळ जास्त झाला तरी हसतो म्हणा. झाऱ्यानं तो चुरा काढून तिनं डबा परत झाकून ठेवला, आणि मी तिथंच पाटावर बसून फोनमधे राजीनाम्याची ओळ नीट करत होते.

बरं, झोप झाली, दोन दिवस गेले. आता बघायचं ते एवढंच, की तुम्ही दमलाय का वाट चुकलीय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण हमखास त्यांची गल्लत करतो. दमलेल्या माणसाला प्रत्येक रस्ता चुकीचाच वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मधे आपल्या आजारांच्या यादीच्या ११ व्या आवृत्तीत बर्नआउट नोंदवलं, आजार म्हणून नाही हां, नोकरीच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून, आणि त्याच्या तीन खुणा दिल्यात. अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तिन्ही खुणा डोळ्यापुढं ठेवून स्वतःला विचारा, आता दोन दिवस झोपल्यावर यातलं किती उरलंय? पहिलीच असेल आणि झोपेनं कमी झाली असेल तर बहुतेक तुम्हाला सुट्टी हवी होती, नवी नोकरी नाही. दुसरी खूण झोपूनही तशीच असेल, म्हणजे ऑफिसचं नुसतं नाव काढलं तरी तोंड कडू होतंय, तर मग पुढं वाचा, वही काढावी लागेल.

आणि एक, हे मी प्रत्येकाला सांगते, रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, बी१२, डी, थायरॉइड, एवढं तरी, आणि रिपोर्ट डॉक्टरला दाखवा, गूगलला नको. मला नव्या नोकरीतल्या त्या तीन महिन्यांनंतर बी१२ पार खाली गेल्याचं कळलं, हिमोग्लोबिन पण कमी. अर्धं करिअरचं संकट इंजेक्शनांनी उतरलं. अर्धंच हां.

मात्र दोन आठवडे झाले तरी मन उदास आहे, झोप-भूक बिघडलीय, कशातच रस नाही, सणात माणसांत बसूनही रिकामं वाटतंय, असं असेल तर ते वहीनं सुटायचं नाही. डॉक्टरकडं जा. किंवा १४४१६ ला फोन लावा, ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री पण लागते आणि मराठीत बोलता येतं. नको जगायला असं मनात येत असेल तर दिवाळी संपायची वाट बघू नका, घरात कुणाला तरी आत्ता उठवा.

आता वही. माझ्या आजोबांचं कराडात भुसारचं दुकान होतं. लक्ष्मीपूजनाला लाल कापडी बांधणीची नवी चोपडी यायची, पहिल्या पानावर श्री, स्वस्तिक, शुभ लाभ, हळदकुंकू वाहायचं, मग आम्हा पोरांना लाह्या-बत्तासे. पण मला आठवतंय ते वेगळंच, आजोबा पूजेच्या आधीचे चार दिवस जुन्या वह्या काढून बसायचे. आधी कीर्द, म्हणजे रोजच्या रोज जे झालं ते, तारीखवार, कुठलंही मत न देता. मग त्यावरून खतावणी, म्हणजे एकेका नावाचं, एकेका खात्याचं वेगळं पान. आणि सगळ्यात शेवटी ताळेबंद. आपण काय करतो, थेट ताळेबंदाला हात घालतो. "माझं करिअर कुठं चाललंय?" हा ताळेबंदाचा प्रश्न झाला, आणि खाली कीर्दच लिहिलेली नाही, मग उत्तर कुठून येणार, येतो तो नुसता गोळा.

तर कीर्द लिहायची. शंभर पानी साधी वही घ्या, फोनमधे नको, फोन उघडला की फराळाचे फोटो आणि लिंक्डइनवर कुणाचं तरी "आनंदाची बातमी सांगताना" सुरू होतं. मागच्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत बारा महिने, प्रत्येकाला एक पान. आता नुसतं आठवून लिहायला गेलात तर गेल्या तीन आठवड्यांचंच सगळीकडं येईल, आपली आठवण अशीच असते, शेवटचं भांडण तेवढं लक्षात राहतं. म्हणून पुरावे काढा. फोनची गॅलरी महिन्यामहिन्यानं मागं न्या. ऑफिसच्या कॅलेंडरमधल्या मीटिंगा बघा. पाठवलेले मेल बघा. आणि सगळ्यात खरं बोलणारा कागद म्हणजे यूपीआयची हिस्ट्री, रात्री साडेदहाला मागवलेली बिर्याणी आठवड्यातून चारदा दिसली की त्या महिन्यात घरी कधी पोचत होतात ते वेगळं सांगायला नको. मला एका मार्चमधे नऊ वेळा मेडिकलचं बिल दिसलं, ॲसिडिटीच्या गोळ्या, आणि मी समजत होते की मार्च बरा गेला.

प्रत्येक पानावर दोन बाजू, जमा आणि नावे. जमा म्हणजे त्या महिन्यात कुठल्या कामानं बरं वाटलं, नावे म्हणजे कशानं जीव खाल्ला. पण इथं एक नियम पाळायचा, भावना लिहायची नाही, प्रसंग लिहायचा. "टीममधे किंमत नाही" असं नाही, "१२ तारखेला मी केलेला रिपोर्ट दुसऱ्यानं आपल्या नावानं मांडला, मी गप्प बसले" असं. "ग्रोथ नाही" असं नाही, "वर्षभरात नवीन काय शिकले? काही नाही, एक एक्सेलचा फॉर्म्युला" असं. जेवढं बारीक लिहाल तेवढं पुढं सोपं जातं. एखाद्या महिन्याची एकच बाजू भरली तरी चालेल. माझा जून कायम कोराच असतो, का ते माहीत नाही, पावसामुळं असेल.

याला लागतात दोन-तीन तास, एका दमात नाही होत. दुपारी सगळे जेवून आडवे झाले की बसायचं, किंवा पहाटे. मी सकाळी प्रीतिसंगमावर जाते. कृष्णा आणि कोयना तिथं अगदी समोरासमोर येऊन मिळतात, यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, बाग आहे, सकाळी फिरायला येणारे आजोबा लोक सोडले तर शांत असतं. तुमच्याकडं नदी नसेल तर गच्ची, नाहीतर एसटी स्टँडसमोरचं चहाचं दुकान, कुठंही चालेल, फक्त घरातून "चहा घेतेस का" अशी हाक दर दहा मिनिटांनी ऐकू येणार नाही एवढं लांब पाहिजे.

दुसऱ्या दिवशी खतावणी. कालच्या बारा पानांवरच्या नोंदी उचलून पाच खात्यांत टाकायच्या, काम, माणसं, पैसा, येणंजाणं, शरीर. एवढंच. आणि मग पानं बघायची की नावे बाजू नक्की कुठल्या खात्यात साचलीय. माझं पहिल्यांदा केलं तेव्हा मी हादरलेच, कारण मी वर्षभर सगळ्यांना सांगत होते की मला पेरोलचा कंटाळा आलाय, आणि कामाच्या खात्यात नावे बाजूला चार नोंदी, जमेला अकरा. नवीन जॉइन झालेल्या पोरांना पगाराची स्लिप समजावून सांगितली, हे जमेला तीनदा आलेलं. आणि माणसांच्या खात्यात एका माणसाचे रात्री दहानंतरचे फोन, पान भरून. शरीराच्या खात्यात तर विचारूच नका. म्हणजे मला लाइन बदलायची नव्हतीच, मला रात्रीचे फोन बंद करायचे होते आणि शिकवायचं काम वाढवायचं होतं. २०१९ ला जर हे केलं असतं तर... जाऊ दे.

प्रत्येकाचं वेगळं निघतं. कामाचं खातंच नावे बाजूनं भरलं असेल, झोप झाल्यावरही, माणसं चांगली असूनही, तर मग खरंच दिशा बदलायचा विषय आहे. येणंजाणं भरलं असेल, म्हणजे रोजचं वाघोली ते हिंजवडी, पुण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, तर नोकरी नाही घर किंवा ऑफिसचं ठिकाण बदलायचा विषय आहे. पैशाचं भरलं असेल तर आधी पगारवाढ मागून बघितलीत का? बहुतेकांनी मागितलेलीच नसते, नुसतं मनात धरून बसलेले असतात.

आता पैशाचं पान, इथं माझा जीव अडकतो म्हणून जरा सविस्तर सांगते. सोडायचं ठरो न ठरो, हे पान प्रत्येकाकडं तयार पाहिजे.

ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत एका मालकाकडं सलग ५ वर्षं झाली की मिळते. शेवटचं वेतन (नवे लेबर कोड येईपर्यंत बेसिक आणि डीए, म्हणजे महागाई भत्ता, एवढंच धरायचे), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. उदाहरणार्थ २०,८०० बेसिकला एका वर्षाचे १२,००० होतात, पाच वर्षांचे ६०,०००, हाच तो माझा गेलेला आकडा. कोर्टाच्या निकालांवरून ४ वर्षं २४० दिवस झालेल्यांना पण बऱ्याच कंपन्या देतात (वर माझे दोन-अडीच महिने म्हटले ते याच हिशोबानं), पण सगळ्या नाही, म्हणून एचआरला लेखी विचारा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, लागू झालेत, त्यात ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना एका वर्षावर पण हक्क आहे, तेव्हा अशा कॉन्ट्रॅक्टवाल्यांनी आपल्याला काय लागू, असं म्हणून सोडून देऊ नका.

पीएफ काढू नका. ट्रान्सफर करा. नोकरी बदलली की लोकांना ती रक्कम दिसते आणि बाईक दिसते. सलग ५ वर्षांच्या आत काढलात तर टॅक्स लागतो, ५० हजारांच्या वर असेल तर पॅन दिलेला असला तरी १० टक्के टीडीएस आधीच कापतात. शिवाय पेन्शनला एकूण १० वर्षांची नोकरी मोजतात, पेन्शनचे पैसे काढून घेतलेत की मोजणी पुन्हा शून्यावर. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच आहे ना, जुन्या कंपनीनं सोडल्याची तारीख टाकलीय ना, बापाचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळतेय ना, हे सुट्टीतच बघून ठेवा. नंतर घाईत हेच अडतं आणि माणसं माझ्याशी भांडतात.

मेडिक्लेम. कंपनीच्या पॉलिसीत आई-वडील असतील तर तुमच्या शेवटच्या दिवसाबरोबर त्यांचं पण कव्हर संपतं. बाहेर नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांना, म्हणजे बीपी-शुगरला, जास्तीत जास्त ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, पूर्वी ४ होती, २०२४ मधे कमी केली. म्हणजे स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच काढून ठेवायची, ते दिवस आत्तापासून मोजायला लागतात.

मग नोटीस. ३०, ६० का ९०, ऑफर लेटर काढून बघा. जॉइनिंग बोनस परत द्यावा लागेल का, कुठल्या तारखेला पटावर असलं तर व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा पगाराचा भाग, मिळतं, शिल्लक रजांचे पैसे देतात का. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात साठवलेली रजा ४५ दिवसांपर्यंत धरलीय, ती वाया घालवू नका.

आणि सगळ्यात शेवटी सहा महिन्यांचा घरखर्च. हप्ता २७,०००, घर ३०,०००, पोराची शाळा ६,०००, झाले महिन्याचे ६३,०००, सहा महिन्यांचे ३,७८,०००. एवढे बाजूला आहेत का? नसतील तर तो आकडाच पुढच्या वर्षाचं काम आहे, राजीनामा त्याच्यानंतर. ज्यांना अगदीच असह्य झालंय, रोज अपमान होतोय, त्यांना हा हिशोब सांगायचा माझा धीर होत नाही, त्यांनी तीन महिन्यांवर निघालं तरी चालेल, जीव आधी.

हे पान नवऱ्याला, बायकोला, जे कोण घरात पैशाला भागीदार आहे त्याला पाडव्याला दाखवा. ओवाळून झाल्या झाल्या नको, संध्याकाळी. आणि "मला सोडायचंय" अशी सुरुवात केलीत की समोरचा लगेच हप्ता आठवतो आणि भांडण लागतं. वही पुढं करा, म्हणा वाच. माझा नवरा दहा मिनिटं वाचत होता, मग एवढंच म्हणाला, रात्रीचे फोन मला पण त्रास देतात, मी बोललो नव्हतो.

नातेवाइकांचं थोडक्यात. पॅकेज किती, अजून त्याच कंपनीत का, आमचा अमका जर्मनीला गेला, हे येणारच, त्याला "चाललंय बरं, काका तुमचं गुडघ्याचं काय म्हणतंय?" हे उत्तर पुरतं. गुडघ्यावर गाडी गेली की अर्धा तास निघतो. मात्र घरातल्या एका वडीलधाऱ्याला खरंच विचारा की तुम्हाला कधी काम सोडावंसं वाटलेलं का. आमचे अप्पा साखर कारखान्यात टाइमकीपर होते, ३१ वर्षं. मी विचारलं तेव्हा ते कंदिलाची वायर जोडत होते. म्हणाले, "दर हंगामात." मग वायर दातांनी सोलून म्हणाले, "पट्टा पडला की पुन्हा बरं वाटायचं." कारखाना बंद झाला हंगामाचा, की आमच्याकडं पट्टा पडला म्हणतात. मला पहिल्यांदाच कळलं की त्यांच्या नोकरीला वर्षातून एकदा थांबणं होतं, काम मंदावायचं, माणसं शेताकडं बघायची. आमच्या कामाला पट्टा पडतच नाही, २५ तारीख आली की पगार, परत २५ तारीख.

ज्यांना दिवाळीत सुट्टीच नाही, नर्स, एसटीचे कंडक्टर, पोलीस, मॉलमधे उभी राहणारी पोरं, त्यांनी हे तुळशीच्या लग्नाच्या आसपास दोन दिवस रजा टाकून करावं, गर्दी पण नसते आणि फराळ उरलेला असतो. परदेशात असणाऱ्यांना दिवाळीला ऑफिसच असतं, त्यांना नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा बरा, फक्त तिकडं अंधार लवकर पडतो आणि एकटं बसून वही लिहिली की सगळ्या नोंदी काळ्याच येतात, दिवसा लिहा, मधेच घरी फोन करा.

आता परत येताना काय घेऊन यायचं. निर्णय नाही. तीन छोटी कामं, वहीच्या शेवटच्या पानावर, तारखेसकट. एक, ज्या कामाकडं जावंसं वाटतंय ते आज करणाऱ्या एका माणसाबरोबर अर्धा तास, आणि त्याला चांगलं काय ते विचारू नका, मंगळवारी दुपारी तीनला तू काय करत असतोस ते विचारा. दोन, त्या कामाचा एक लहानसा तुकडा पगार चालू असताना करून बघा, दोन रविवार. कॅफे काढायचाय म्हणणाऱ्या आमच्या एका कलीगनं दोन रविवार मित्राच्या हॉटेलात गल्ल्यावर बसून काढले आणि तिसऱ्या रविवारी घरी झोपला, विषय संपला, केवढे पैसे वाचले त्याचे. तीन, आत्ताच्या बॉसशी एक बोलणं, एकाच नोंदीवर, सगळ्या वर्षाच्या उण्यादुण्यांवर नाही. मी फोनांचं बोलले होते. "रात्री नऊनंतर मी फोन घेणार नाही, पगाराच्या दोन दिवसांत घेईन" एवढं एकच वाक्य, आरशासमोर सहा वेळा म्हणून गेलेले. तो म्हणाला ठीक आहे. मी दोन वर्षं ज्याला घाबरत होते ते दीड मिनिटात झालं, सगळ्यांचं तसं होईल असं नाही, पण नाही म्हणाला तरी ती पण एक नोंदच आहे.

आणि वहीच्या कव्हरवर पुढची तारीख घाला. मी संक्रांत धरते, १४ जानेवारी. तोपर्यंत ऑफिसला लागून दोन-अडीच महिने झालेले असतात, दिवाळीची हुरहूर उतरलेली असते, आणि हिशोबाला पण सोयीची पडते, कारण तेव्हा ठरवून १५ जानेवारीला दिला तर ९० दिवसांची नोटीस १५ एप्रिलला संपते, मार्चअखेर पदरात. त्या दिवशी वही उघडायची आणि फक्त एवढं बघायचं की दिवाळीत लिहिलेली नावे बाजू अजून खरी वाटतेय का. वाटली तर मग दिवसा, टेबलावर बसून, नीट लिहा राजीनामा, आणि पाठवायच्या आधी एकदा तुमच्या पेरोलवालीला तारीख विचारा. आम्ही कुणाला सांगत नाही.

माझी यंदाची वही ड्रॉवरमधे आहे. रविवारी सकाळी मी आता आठ-दहा पोरापोरींना पेरोल शिकवते, घरीच, डायनिंग टेबलावर. आईनं येताना अनारशाच्या पिठाचा डबा दिलाय, तो फ्रीजमधे आहे, तूप आणायचं राहिलंय.